दहा मिनिटांचा मंत्र

आष्टीच्या मंडपात त्या गुरुवारी हजारभर माणसं श्वास रोखून एका बकरीची वाट पाहत होती.

मधोमध दूरकानी महाराज डोळे मिटून बसलेले. कानांवरून घट्ट ओढून बांधलेला भगवा फेटा, चेहऱ्यावर साऱ्या विश्वाची काळजी. पुढ्यात रामकिसन शेठ हात जोडून. त्यांचं बियाण्यांचं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला.

“तुझ्या दुकानाच्या पायरीवर,” महाराज म्हणाले, “या घडीला एक बकरी उभी हाय.” थोडं थांबून, “ती आत शिरली.” आणखी थांबून, “ती तुझं कॅलेंडर खाऊन राह्यली.”

मंडपात मोबाइलला बंदी होती, दारातल्या टोपलीत ठेवावे लागत. खात्री करून घ्यायला कोपऱ्यात नाणं टाकायचा लाल फोन होता. रामकिसन शेठ तिकडं धावले.

“आरं, बकरी हाय का दुकानात?... मंग हाकल ना!... कॅलेंडर?... कुठवर खाल्लं?” ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. “सप्टेंबरपर्यंत, महाराज!”

जयजयकार झाला. दोन बायांच्या अंगात आलं. जिनं हे सगळं घडवलं त्या बकरीला मात्र कोणी प्रसाद दिला नाही.

गर्दीत भुजंग बसला होता, तोही चांगुणामावशीनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं म्हणून. त्याचं नवीन जालन्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मावशी आष्टीत एकटी राहायची. तिला साखरेचा आजार. तीन आठवड्यांपूर्वी महाराजांनी तिला इन्शुलिनची सुई बंद करायला सांगितली होती, तिच्या राशीला लोखंड चालत नाही म्हणून. आता उजव्या पायाचा अंगठा जांभळ्याचा काळा होत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं: सुई लगेच सुरू करा, नाहीतर पाय जाईल. तेच सांगायला भुजंग आज काम सोडून आष्टीत आला होता.

“मावशे, डॉक्टर काय म्हणले ते तरी ऐक.”

“तुझ्या डॉक्टरला दवाखान्यात बसून जालन्याची बकरी दिसती का?”

“न्हाई.”

“मंग!”

डॉक्टरकीची परीक्षा बकरीवर घेतात हे भुजंगला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात महाराजांची मान ताठ झाली.

“मंत्र येऊन राह्यला,” मावशी कुजबुजली. “दर दहा मिन्टाला येतो. बराबर.”

महाराजांच्या ओठांतून निघालं, “डिडिडिडाऽ... डिडिडाऽ... डिडिडिडाडाऽ...”

हजार गळ्यांनी टाळांच्या ठेक्यात ते उचललं. भुजंगच्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता. हा मंत्र त्यानं स्वतः कॉम्प्युटरवर बसून टाइप केला होता.

भुजंगला हॅम रेडिओचा नाद होता. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि मग बिनतारी यंत्रावर अनोळखी माणसांना हवामान विचारायचं, असा तो नाद. त्यापायी त्याचं जमलेलं लग्न दोनदा मोडलं होतं. त्यानं दुकानाच्या गच्चीवर रिपीटर बसवला होता. रिपीटर म्हणजे ऐकलेलं जोरानं परत बोलणारी पेटी. हातातल्या छोट्या सेटचा आवाज तिच्यामुळं वीस-पंचवीस किलोमीटर जातो. तशीच दुसरी पेटी आष्टीत, मावशीच्या गच्चीवर. दोन्हींच्या मध्ये दोन जुने कॉम्प्युटर, टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी लिहून सर्वांसाठी खुलं ठेवलेलं फुकट सॉफ्टवेअर. जालन्यात बोललेलं तीन सेकंदांत आष्टीत ऐकू यायचं. पूर आला, फोन बंद पडले, तर ही वाट लोकांच्या उपयोगी पडेल, असं त्याच्या मनात होतं. फोन बंद पडले तर इंटरनेटही बंद पडेल, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

अशा पेटीला अधूनमधून आपलं नाव सांगावं लागतं. म्हणून कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी जुन्या तारखात्याच्या मोर्स ठोक्यांत ते वाजवायचा: डिडिडिडा, डिडिडा. देशातल्या बहुतेक हौशी केंद्रांची नावं अशीच सुरू होतात.

वर्षभर त्या वाटेवर कोणी अवाक्षर बोललं नाही. मग तीन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोंदींत दिसू लागलं, दर गुरुवारी तीन तास वापर. गुरुवारी भुजंग तीर्थपुरीला टीव्ही दुरुस्तीला जायचा, त्यामुळं ऐकायला कधी नव्हताच. पण त्याचा ऊर भरून आला. हौस वाढतेय, असं त्यानं चार जणांना चहा पाजून सांगितलंही.

मावशीच्या हातातून सदरा सोडवून तो उठला. मंडपामागंच तिचं घर. गच्चीवर जाऊन त्यानं पिशवीतला सेट चालू केला.

“बकरी निघाली,” सेट म्हणाला. “कॅलेंडर तोंडात घेऊन निघाली.”

तीन-चार सेकंदांनी मंडपातला भोंगा महाराजांच्या आवाजात म्हणाला, “बकरी निघाली. कॅलेंडर तोंडात घेऊन निघाली.”

सेटवरचा आवाज सर्जेरावचा होता. भुजंगनं मागं हॅम रेडिओचा मोफत वर्ग घेतला होता. सात जण आले, त्यांतले सहा नाश्त्याला. सातवा सर्जेराव चहावाला. त्यानं वही भरून टिपणं घेतली आणि शेवटी विचारलं, “सर, हे कोनीबी वापरू शकतं का?” “कोणीही! सगळं खुलं आहे!” भुजंग छाती फुगवून म्हणाला होता. त्याच्या हातून एकच विद्यार्थी घडला, आणि तो असा.

म्हणजे रिपीटर दोन नव्हते, तीन होते. तिसरा फेट्यात होता. महाराज ऐकायचे आणि बोलायचे. मध्ये विचार करण्याची त्यांना सवय नव्हती.

भुजंगनं बटण दाबलं. “चांगुणाबाई, सुई उद्यापासून, न्हाई, आजपासून घ्यायची. रोज.”

“चांगुणाबाई,” भोंगा म्हणाला, “सुई उद्यापासून, न्हाई, आजपासून घ्यायची. रोज.”

खाली मावशीचा हुंदका ऐकू आला. “घेते, महाराज! घेते!”

“कोन हाय बे मधी?” सेटवर सर्जेराव ओरडला.

“कोन हाय बे मधी?” महाराज गरजले. हजार माणसांनी मागं वळून पाहिलं.

भुजंग इथंच थांबला असता तर एक पाय वाचला असता. पण पुढच्या गुरुवारी सर्जेराव पुन्हा काय सांगेल याचा भरवसा नव्हता. त्यानं बटण दाबलं.

“माझा फेटा सोडा. कानात काय हाय ते बघा.”

महाराजांनी हेही जसंच्या तसं सांगितलं. भक्तांनी आज्ञा मानली. फेटा सोडण्याचा मान रामकिसन शेठांना मिळाला. आतून कानातलं बोंडूक निघालं, त्याची वायर पाठीवरून कमरेच्या सेटला.

भुजंग धावत खाली आला, माईक घेतला आणि सगळं समजावून सांगितलं. नंबर लावताना जालन्यात पत्ता कसा लिहून घेतात, सर्जेराव दुकानासमोर कसा उभा राहतो, महाराज तीन सेकंद का थांबतात, सगळं. कानातलं बोंडूक त्यानं माईकला लावून धरलं. वेळ झाली तशी त्यातून मंत्र वाजला. “हे माझ्या पेटीचं नाव आहे,” तो म्हणाला. “तुम्ही तीन महिने माझ्या पेटीच्या नावाचा जप करून राह्यलात.”

रामकिसन शेठ पुढं झाले. “पन बकरी तर खरी व्हती ना?”

“खरी होती, शेठ. सर्जेरावनंच सोडली असंल.”

“म्हंजी व्हती,” शेठ समाधानानं म्हणाले.

“इतक्या लांबून बोललेलं हितं ऐकू येतं,” मागून एक म्हातारा म्हणाला, “आन् हा म्हणतो चमत्कार न्हाई!”

या गोंधळात महाराज जीपमध्ये बसून गेले होते. फेटा मागं राहिला. तो लोकांनी वाटून घेतला.

संध्याकाळी मावशीच्या घरी भुजंगनं फ्रिजमधली बाटली काढून सुई भरली. मावशीनं दंडावरची बाही वर सरकवली, मग मध्येच थांबली.

“ते सुई घे म्हणलं, ते कोन व्हतं? सर्जेराव का?”

एका शब्दाचं खोटं पुरलं असतं. पण तो दुपारभर हजार माणसांना ओरडून खरं सांगून आला होता.

“मी होतो, मावशे.”

तिनं बाही खाली ओढली. “मंग ऱ्हाऊ दे.”

“अगं, बंद कर म्हणलं तेबी सर्जेरावच होता! तुझ्या महाराजाला काय कळतं?”

“असंल. पन तवा मला खरं वाटलं व्हतं.” तिनं काळा अंगठा पदराखाली झाकला. “तू आपला घरचा हायस, भुजंगा. घरच्याचं काय ऐकायचं?”

तो रात्र होईपर्यंत बोलत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन आला. तिनं कडी लावून घेतली. एकोणिसाव्या दिवशी ती तापानं बेशुद्ध पडली, तेव्हा कुठं तिला जालन्याला हलवता आलं. गुडघ्याखालून पाय काढला. आता नर्स सुई देते आणि मावशी मुकाट्यानं घेते, कारण नर्स विचारत नाही.

भुजंगनं आष्टीची पेटी काढून आणली. गच्चीवर तिची चौकोनी खूण उरली आहे. गुरुवारी बाया तिथं हळद-कुंकू वाहतात आणि घड्याळ बघून दर दहा मिनिटांनी मंत्र म्हणतात. एकही अक्षर चुकत नाही. मावशीही वॉर्डात, कोणी जवळ नाही असं पाहून, पुटपुटते.

तेव्हा वाचणाऱ्यांना सांगणं एवढंच. कोणी बकरी दाखवली तर ती कोणी सोडली हे विचारा. फेटा दिसला तर आत डोकावून बघा. आणि बकरी खरी निघाली तरी तेवढ्यावरून औषध सोडू नका, कारण बकरीचा आणि औषधाचा काही संबंध नाही. सांगणारा महाराज आहे, चहावाला आहे की घरचा भाचा आहे, हे नंतर बघा. सांगितलेलं खरं आहे का, हे आधी तपासा. कोणाच्या शब्दावर आपण सुई सोडली हे रक्तातल्या साखरेला कळत नाही. ती फक्त वाढते.