चालली तर गाडी, उभी राहिली तर घर

शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, हे आता साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. गाड्या भरभरून लोक येतात, शनिदेवाला तेल वाहतात, एखाद्या उघड्या चौकटीपाशी उभं राहून फोटो काढून घेतात, आणि रात्री आपापल्या गावी जाऊन कडीकुलपं घालून निवांत झोपतात. चौकटीच्या आत भाकरी थापणाऱ्या बाईला, तुला कसं वाटतं गं, असं विचारायला कुणाला सवड नसते. सविताला तरी लग्न झाल्यापासून कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर तिने गावाला नावं ठेवली नसती. चोराचिलटाची भीती नाही, दागिने फडताळात उघडे पडलेले असतात, आणि देवावर तिचाही विश्वास पक्का. पण सविता भिंगारची. वडील छावणीत माळी होते, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि आतल्या खोलीला दार होतं. ते लावून घेतलं की ती आरशासमोर गाणी म्हणायची, नाही तर रुसून बसायची. दहावीत गणित राहिलं तेव्हा तिथेच पोटभर रडली होती. सासरी आली आणि पहिल्याच रात्री तिने पाहिलं, खोलीच्या चौकटीला नुसता फुलाफुलांचा पडदा. पलीकडे सासू खोकत होती.

तेव्हापासून तिचं सगळं उघड्यावर गेलं. साडी बदलायची ती धान्याच्या कोठीआड, नवऱ्याशी भांडायचं ते कुजबुजत. शेजारणी यायच्या त्या बोलत बोलतच आत यायच्या, कोंबड्या तर बोलतही नसत. भिंगारला आई वारली. दिवस करून ती परत आली तेव्हा बायका भेटायला येऊन बसल्या, त्या उठल्या तर दुसऱ्या आल्या. माणुसकीच ती. पण सविताला एकटीने रडायचं होतं, ते राहून गेलं ते गेलंच. सोनईच्या बाजारात वखारीपुढे नवी दारं उभी केलेली दिसली की ती उगाच थांबायची, फळीवरून हात फिरवायची. वखारवाला ओळखीचा होता. ‘‘तुमाला दार इकलं तर देव माजी वखार जाळंल, वैनी,’’ म्हणून तो हसायचा. तीही हसायची आणि पुढच्या बाजारी पुन्हा तिथेच थांबायची.

तिचा नवरा आदिनाथ शिर्डी ते शिंगणापूर भाविकांची गाडी चालवायचा. माणूस सरळ, दारू नाही, शिवी नाही. पण बायकोच्या मनात दार आहे हे त्याला कधी कळलं नाही. दिवसभर ज्याच्या हाताखाली चार-चार दारं उघडतात-मिटतात, त्याला एका दाराचं काय अप्रूप.

पोरगा ओम सुप्याच्या एका कारखान्यात चिकटला आणि आदिनाथने भाड्याची गाडी विकून टाकली. त्या बदल्यात त्याने घरी काय आणावं? पुण्याच्या कुणा हौशी माणसाने बनवून घेतलेली आणि हौस फिटल्यावर पडून राहिलेली कॅम्पर गाडी. आत दोन बिछाने, गॅस, भांडी घासायला बेसिन, कोपऱ्यात संडास. आदिनाथ नुसता फुलून आला होता. त्याला समुद्र बघायचा होता. आयुष्यभर लोकांना देवाला नेलं, आता मी माझ्या मनाला येईल तिकडं जाणार, असं तो येईल-जाईल त्याला सांगत होता.

सविताने ना गॅस बघितला ना बिछाने. गाडीच्या कुशीला एक पांढरं दार होतं. माणूसभर उंच, आणि त्याला आतून कडी. तिने कडीवर बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं. 

सासू कडूबाई काठी टेकत टेकत आल्या, आत चढल्या, बिछान्यावर बसून बघितलं, नळ सोडून बघितला.

‘‘आद्या, हे तर घर हाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘गाडी हाय, आई.’’

‘‘चूल हाय, मोरी हाय, आंथरून हाय. घर न्हाई तर काय?’’

‘‘चाकं हायेत की तिला.’’

कडूबाईंनी विचार केला. ‘‘बरं. चालली तर गाडी म्हनू. उबी राहिली तर घर.’’

सुगी उरकली की निघायचं ठरलं. पण त्याच सुमारास आदिनाथच्या लायसनची मुदत संपली. चाळिशी उलटलेल्याला त्यासाठी डॉक्टरची सही लागते, म्हणून तो नगरला गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा धरून बघितलं आणि काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय, गेलेलं काही परत येत नाही, औषध घाला म्हणजे आहे ते राहील, आणि सहीचं मात्र नाव काढू नका. आदिनाथ घरी आला आणि गाडीची किल्ली त्याने फडताळात टाकून दिली. ज्याने अख्खी उमर रस्त्यावर काढली त्याला रस्ताच बंद झाला.

गाडी अंगणात उभी राहिली. गाडी चालवायला ओमला दोनदा बोलावून झालं, पण कारखान्यातल्या त्याच्या पाळ्या काही जमेनात. दसरा गेला, दिवाळी गेली. एके सकाळी कडूबाईंनी एक दोरी घेतली, गाडीचं पांढरं दार सताड उघडलं आणि शेवग्याच्या बुंध्याला बांधून टाकलं.

‘‘उबी हाय, तवा घर हाय. आपल्या घराला कवाड चालत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांना देवाचा धाक होता.

सविता भांडी घासत होती. तिने ते बघितलं आणि राख लावलेला हात तसाच राहिला. मिळालेलं नव्हतं तोवर सोसत होतं. आता अंगणात दार होतं, रोज डोळ्यांसमोर, आणि ते दोरीने बांधलेलं. कोंबड्या आत जाऊन बिछान्यावर बसायला लागल्या. चार दिवस तिने ते सोसलं, पाचव्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, ‘‘मी काढते लायसन.’’

‘‘कशाचं?’’

‘‘गाडीचं. रेशनचं काढतात व्हय?’’

गावात ही बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. पन्नाशी उलटलेली बाई गाडी शिकणार, तेही एवढं धूड. टपरीवर जो तो पंडित झाला. एक म्हणाला, असल्या गाडीला हेवी लायसन लागतं, आधी ट्रक चालवावा लागेल. दुसरा म्हणाला, आत स्वयंपाक होतो म्हणजे हॉटेलचा परवाना लागणार. तिसऱ्याने तर दोन लायसन सांगितली, एक गाडीचं आणि एक आत झोपायचं.

सविता सरळ सोनईला छगनच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. छगन पूर्वी आदिनाथच्या हाताखाली गाडी पुसायला होता. त्याने कॅम्परचं आरसी बुक उलटंपालटं करून बघितलं.

‘‘वैनी, साडेसात टनाच्या आत हाय. कारचं जे लायसन तेच हिला चालतंय. भाड्यानं द्यायची न्हाई ना? मग तर इषयच मिटला. त्याच्यावरच्या वजनाची असती तर हेवी लागलं असतं.’’

‘‘अन् वय?’’

‘‘वयाला कोन इचारतंय. डोळे चांगले पायजेत, डॉक्टरची सही पायजे. साठीपर्यंतचं मिळंल तुमाला, फुडं परत नवं करायचं.’’

शिकाऊ परवान्याची परीक्षा कॉम्प्युटरवर होती. रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं सविताने भाकरी भाजता भाजता पाठ केली होती. ती पास झाली. मग छगनच्या लहान गाडीवर हात बसला आणि एक दिवस कॅम्परला पुढे-मागे लाल एल चिकटला. कडूबाईंनी आपल्या हाताने दोरी सोडली, कारण आता गाडी चालणार होती.

इथे एक गंमत झाली, म्हणजे बघणाऱ्याला गंमत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं तर बसणाऱ्याकडे चालू लायसन लागतं. आदिनाथचं संपलेलं. म्हणून ज्याने छगनला पहिला गिअर टाकायला शिकवला तो आदिनाथ मागे बिछान्यावर, आणि छगन पुढे सविताशेजारी. मागून सूचना यायच्या. क्लच अर्धा सोड. आरशात बघ. आगं, शेपूट लांब हाय तिला, वळताना जागा ठेव. छगन मान डोलवायचा आणि म्हणायचा, मालक म्हनत्यात तसं करा. कधी कधी मागचा आवाज एकदम बंद व्हायचा. सविता आरशात बघायची तर आदिनाथ खिडकीला कपाळ टेकून रस्त्याकडे बघत बसलेला. तिला त्याची फार कीव यायची. आपल्या दारासाठी आपण याच्या जागेवर बसलो, असंही वाटायचं. पण पाय काही तिने क्लचवरून काढला नाही.

पक्क्या लायसनच्या परीक्षेला नगरच्या आरटीओच्या ट्रॅकवर पहिल्या खेपेला चढावर गाडी मागे सरकली आणि साहेबाने नापास केलं. बसने ती परत आली. घरी पोचते तर चौकटीत आठ-दहा बाया आधीच हजर. कुणी म्हणाली होतं असं, कुणी म्हणाली आता या वयात कशाला तो हव्यास. सविता हसून सगळ्यांना चहा देत राहिली.  पुढच्या खेपेला ती चढावर अशी थांबली की चाक तसूभर हललं नाही.

लायसन टपालाने आलं त्या दिवशी कडूबाईंनी ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

‘‘आत्याबाई, एक इचारायचं हुतं,’’ सविता चाचरत म्हणाली. ‘‘लांब गेलो अन् मुक्कामाला गाडी उबी केली, तर?’’

कडूबाईंनी हळदीचं बोट पदराला पुसत तिच्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे.

‘‘देवाची राखन शिवेपस्तोर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शिवेच्या पल्याड तुमचं तुमी बगा.’’

निघायचा दिवस उजाडला. आधी भंडारदरा, मग घाट उतरून समुद्र, असं आदिनाथने ठरवलं होतं. अर्धं गाव अंगणात जमलं. आदिनाथ पुढे शेजारी बसला. आता त्याला बसायला मुभा होती, कारण सविता शिकाऊ राहिली नव्हती. तिने आरसे नीट केले, हात जोडले आणि गाडी रस्त्याला लावली. वेस गेली, तेलाची दुकानं गेली, शेवटची वस्ती गेली. शिवेचा दगड मागे पडला. दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि एका बाभळीखाली सविताने गाडी कडेला घेऊन बंद केली.

आदिनाथ दचकला. ‘‘काय झालं? पंक्चर?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मंग? आजून राहुरी बी न्हाई आली.’’

‘‘ती समोर टपरी हाय ना, तिथनं चहा घिऊन या. थर्मासमधी आना.’’

‘‘आत्ता घरून चहा पिऊन निगालो की.’’

‘‘आना म्हनलं ना,’’ सविता म्हणाली.  आदिनाथने थर्मास घेतला आणि डावीकडचं नीट दिसत नाही म्हणून मान फिरवत फिरवत तो रस्ता ओलांडून गेला.

ती मागे गेली. पांढरं दार ओढून घेतलं. कडी घातली. खिडकीचे पडदे सारले आणि बिछान्याच्या काठावर बसली.

काहीही झालं नाही. कुणी आलं नाही. कुणी, काय करतीस गं सविता, म्हणालं नाही. उसाची पानं वाजत होती तेवढीच. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला आणि तो आपलाच आहे हे पटायला थोडा वेळ लागला. तिने केस सोडले. पदर खांद्यावरून खाली पडला तो तसाच राहू दिला. मग तिला आई आठवली, आणि ती रडली. आधी सवयीने तोंडात पदराचा बोळा धरला होता, मग तोही काढला आणि मोठ्याने रडली, ओरडून रडली. इतकी वर्षं ते रडणं आत कुठे मावलं होतं कोण जाणे. रडता रडता मध्येच तिला हसूही आलं.

आदिनाथ थर्मास घेऊन परत आला. पुढे सविता दिसेना, म्हणून सवयीने कुशीचं पांढरं दार ओढलं तर दार उघडेना. पुन्हा ओढलं. आतून हुंदका ऐकू आला आणि तो जागच्या जागी थबकला. जन्मापासून तो सरळ घरात शिरत आला होता. पडदा बाजूला करायचा आणि आत जायचं, आत कोण आहे, कसं आहे, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं. बाहेर उभं राहून आपल्याच बायकोसाठी काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने बोट वाकवलं आणि दारावर हलकेच दोनदा वाजवलं.

आत सविताने डोळे पुसले. तिने त्या दाराकडे बघितलं आणि सासरी आल्यापासून जे विचारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती ते विचारलं.

‘‘कोन हाय?’’

बाहेर थर्मास खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘मी,’’ तो म्हणाला. मग ते पुरेसं नाही असं त्याला वाटलं असावं. ‘‘मी आदिनाथ. यिऊ का आत?’’

सविताने दोन्ही हात मांडीवर ठेवले. चहा निवत होता, भंडारदरा लांब होता, समुद्र तर कुठच्या कुठे होता.

‘‘थांबा जरा,’’ ती म्हणाली.

आणि तो थांबला.