बोटभर रेघ

"परत दाबलंस! लाल दिसत नाही का तुला? डोळे आहेत की बटणं?"

ताईचा आवाज चढला, तशी तपासणी घेणारी बाई म्हणाली, "तुम्ही बोलू नका हो."

धाकटा भाऊ पडद्यासमोर बसला होता. हिरवा गोळा आला की बटण दाबायचं, लाल आला की हात आवरायचा. पोरखेळच. पण लाल दिसला तरी त्याचं बोट जाई, आणि मग तो ओठ चावत बसे.

"दिसतं गं ताई. पण बोट आधी जातं, मी मागून पोचतो."

"सबबी नकोत!"

दोघांचं शिवणाचं दुकान. ती मशीनवर, तो कटर. त्याच्या कात्रीला तोड नव्हती. पण कोकेनच्या पुडीने माणूस आतून पोखरला. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या कोटाचा मुंढा, बाही जोडायची गोलाई, कापताना कात्री खडूची रेघ ओलांडून थेट छातीपर्यंत गेली. शिवलेलं उसवता येतं, कापलेल्याचं काय करणार? त्याच दिवशी ताईने कात्री कुलपात घातली. आता पुडी सुटून बरेच महिने झाले होते, आणि कात्री परत त्याच्या हाती द्यायची की नाही, हे आज ठरायचं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी, यंत्रात झोपवून हाच खेळ खेळताना घेतलेलं त्याच्या मेंदूचं चित्र दाखवलं. "कपाळामागचा हा भाग 'थांब' म्हणतो. हात आवरायची वेळ आली की तो उजळायला हवा. यांचा मंद आहे. कोकेनने असं होतं. सुधारेल, पण सावकाश. आणि किती, ते आज नाही सांगता येत."

"म्हणजे दोष याचा नाही म्हणता?"

"दोष कुणाचा, ते चित्रात दिसत नाही."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ती एकच सांगत आली होती, मनात आण रे, मनात आण. आणि मनात आणायची ती जागाच या मेल्याने पुडीपायी घालवली होती! रोज देवापुढे बसून तिने त्याच्यासाठी बुद्धी मागितली. देवाने दिलीही असेल. हा ठेवणार कुठे?

दुकानात येताच तिने कुलूप काढलं आणि कात्री त्याच्यापुढे आपटली. कापड अंथरलं, मुंढ्याची रेघ आखली, आणि रेघ संपते तिथे आपला डावा पंजा ठेवला.

"काप."

"वेड लागलंय का तुला? हात काढ आधी."

"कापडाची दया नाही आली तुला. माझी येते का बघू. काप म्हणते ना!"

त्याने कात्री उचलली. पाती करकरत निघाली, सफाईदार, पूर्वीसारखीच. ताईने डोळे मिटले नाहीत. संताप एवढा होता, की भीतीला जागाच उरली नव्हती.

रेघ बोटभर उरली आणि आवाज थांबला. तो घामाने निथळत होता. कात्रीची मूठ तिच्याकडे करून त्याने ती कापडावर ठेवली.

"एवढं तू काप, ताई. एवढ्याचा मला भरवसा नाही."

त्या ओल्या मुठीत बोटं घालून, दातओठ खात, तिने उरलेलं बोटभर कापड कापलं.