प्रेमराजच्या नावाची मूठ

कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, भाईदास आबा ओसरीवर गव्हाच्या पोत्यापुढे मांडी घालून बसले होते. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या अंगाला असलेलं हे गाव. त्या दिवशी घरोघरी हेच चाललेलं. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू मोजायचे. त्याची रीत अशी, की भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू नव्या टोपलीत टाकायचे. मूठ घरातल्या थोरल्याची. मग तो माणूस सुरतला असो की पुण्याला, रविवारी आपल्या वाटणीचा रोट खायला त्याने यायचं. रोट परक्याला देता येत नाही, टाकताही येत नाही. आणि एरवी टोपलीतून नाव गळतं ते माणूस मेल्यावरच.

आबांनी स्वतःचं नाव घेतलं, मुलांची, नातवांची घेतली. पुढची मूठ भरली आणि हात तसाच धरून ठेवला.

"प्रेमराजनं नाव लेवानं नही औंदा."

समोर सुपातले खडे वेचणाऱ्या त्यांच्या बायकोचा, भिकुबाईंचा, हात थांबला. प्रेमराज म्हणजे त्यांचा दीर, आबांचा पाठचा भाऊ. जळगावला नोकरी लागली, तिथेच घर बांधलं. दोन सालं झाली, रोटाला फिरकला नव्हता. गेल्या साली त्याच्या वाटणीचे रोट आबांनीच दुधात कुस्करून संपवले होते, घासागणिक त्याला एक शिवी देत.

"काढा नाव," भिकुबाई म्हणाल्या. "पन जित्या मानूसनं नाव काढतस ते कानबाईले कारन सांगनं पडस. जा, सांगा. खरं तेच सांगा पन."

"सांगस ना! माले काय भ्याव शे?"

मूठ तशीच आवळून आबा देवघरात गेले. कानबाईचा नारळ धुऊनपुसून पाटावर ठेवला होता. त्याला चांदीचे डोळे, नाकात नथ.

"प्रेमराजले माज येल शे," आबा म्हणाले.

चांदीचे डोळे बघत राहिले. आबांना वाटलं, पुढे काहीतरी बोलायला हवं. माज कुणी पाहिला? चक्कीवाल्या हिलालने. जळगावच्या बाजारात प्रेमराज दिसला आणि तोंड फिरवून निघून गेला, असं हिलालने सांगितलं होतं. म्हणजे पाहणारा हिलाल, बोलणारा हिलाल, आबांचा होता तो फक्त राग. उसन्या पिठाचा रोट देवीला चालत नाही, मग उसनं कारण कसं चालावं?

आबांनी दुसरं काढलं. "कोकिळा त्याले येऊ देत नही."

कोकिळा म्हणजे प्रेमराजची बायको. हे कुणी सांगितलं? आबा आठवत राहिले. भिकुबाईने नाही, हिलालनेही नाही. मग आठवलं. एका दुपारी निंबाखाली खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्याच मनात आलं होतं, असंच असेल. संध्याकाळी पारावर दोघांना सांगितलं, असंच आहे. आठवड्याने त्या दोघांनी तेच आबांना ऐकवलं, आणि आबांनी मान डोलावली होती, बघा, मी म्हणत नव्हतो?

आता एकच उरलं. ते मात्र पक्कं होतं, आणि दुखतही होतं.

"प्रेमराज माले इचारत नही."

दिवाळीला, आखाजीच्या सणाला जळगावचा फोन यायचा. भिकुबाई बोलायच्या. आबा ओसरीवर बसून मोठ्याने खोकायचे. आपण घरात आहोत हे भावाला कळावं, त्याने म्हणावं, भाऊला दे. भिकुबाई फोन पुढे करायच्या तर आबा हात झटकायचे, "माले काम शे." काम कसलं? खोकण्याचं.

भाकरी उलटून बघावी तसं त्यांनी ते वाक्य उलटून पाहिलं. "मी प्रेमराजले इचारत नही." पुन्हा एकदा म्हटलं. याला साक्षीदार लागत नव्हता. ही बाजू जास्तच भाजलेली होती.

मूठ घामाने ओली झाली होती. आबा बाहेर आले.

"फोन लाव."

"कोनले?"

"तुना दीरले, कोनले!"

उजव्या मुठीत गहू, डाव्या हाताला फोनची सवय नाही. भिकुबाईंनीच तो त्यांच्या कानाला लावून धरला. पलीकडून कोकिळा बोलली, "हा अक्का, बोला."

"मी भाईदास."

पलीकडे बांगड्या वाजल्या.

"प्रेमराजले बरं शे ना?"

"बरं शे भाऊ. तुम्ही... तुम्ही सोता फोनवर!" कोकिळा भडाभडा बोलू लागली. "ते म्हनतस, भाऊ मनावर रागे भरेल शे. फोन लावा की खोकला ऐकू येस, भाऊ काही फोनवर येत नही. आमना पोऱ्या नवलनी परीक्षा व्हती त्या साले बी, रोटले येता येवाव नही अशे सांगाले फोन करा व्हता. तव्हय बी खोकलाच. राग धरीसन बठेल मानूसना घरना रोट घशाखाले कसा उतरी, म्हनतस."

आबांच्या घशात खोकला आला. तो त्यांनी गिळला. "मी रागे नही," असं म्हणायला तोंड उघडलं, पण देवघराचं दार उघडंच होतं.

"व्हतु रागे," ते म्हणाले. "त्याले इचार, त्यानी मूठ मना हातमा शे. टाकू का?"

कोकिळेने हाक मारली. कुणीतरी घाईने आलं. "टाक भाऊ," प्रेमराजचा आवाज आला. "बस सापडनी ते सकायमा येसु."

"प्रेमराज," आबांनी मोठ्याने नाव घेतलं आणि मूठ टोपलीवर उघडली. निम्मे गहू तळहाताला चिकटले. भिकुबाईंनी ते बोटाने खरवडून काढले.

"घामना गहू! हिलालनी चक्की चोंदाई जाई."

टोपली खांद्यावर घेऊन आबा निघाले. वाटेत मनाने पुन्हा तोंड काढलंच. बस सापडली तर म्हणे! म्हणजे येत नाही हा, बहाणा आहे. आबा रस्त्यात उभे राहिले. कोनी सांगं? मान हलवून ते पुढे चालू लागले.

हिलालने चक्की धुऊन ठेवली होती. टोपलीत डोकावून त्याने विचारलं, "प्रेमराजना बी शेतस का यामा? तो काय येत नही आबा. जळगावले मी देखं ना, तोंड फिराईसन चालना गया."

"तू हाक मारी व्हती त्याले?"

"हाक कशी मारू? मी यष्टीमा व्हतु, खिडकीपाशी. गाडी चालू व्हती."

काहीतरी लागट बोलावं असं आबांच्या जिभेवर आलं होतं. पण दोन सालं ही गोष्ट जपून ठेवणारा हिलाल नव्हता.

"दय भो, गहू दय," ते म्हणाले, आणि टोपली चक्कीच्या तोंडात उपडी केली.