पीबेरीचा दुसरा घाणा

कवडूचं नाक गेलंय हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक स्वतः कवडू आणि दुसरी त्याची बायको शामला. पौषात त्याला ताप आला, आठ दिवस अंथरुणात गेले, आणि ताप उतरला तो वास सोबत घेऊनच. आधी वाटलं सर्दी आहे, मोकळी होईल. निलगिरी हुंगून झाली, ओवा शेकून झाला. मग एका सकाळी शामलाच्या हातून लसणाची फोडणी करपली, घरभर धूर झाला, शेजारीण काय जळलं म्हणून डोकावून गेली, आणि कवडू चुलीपासून हातभर अंतरावर बसून निवांत दाढी करत होता. ही सर्दी नव्हे, हे शामलाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या कोणाचं नाक गेलं असतं तर फार बिघडलं नसतं. कारकुनाला वास आला नाही तरी सही करता येते. पण कवडूचं पोट नाकावर चालायचं. इतवारीत, भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीत, सुंदरम अण्णांचं कॉफीचं दुकान होतं आणि तिथला दाणा न् दाणा कवडू भाजायचा. लोखंडी ड्रम कोळशावर फिरत राहायचा. आतले हिरवे दाणे पिवळे, मग तांबूस होत जायचे. धुराला आधी ओल्या गवताचा वास, मग भाकरीचा, आणि मग एक क्षण असा यायचा की त्यात गोडसर जळकट काहीतरी मिसळायचं. ते नाकाला लागलं की हँडल ओढायचं, ड्रमचं तोंड उघडायचं आणि दाणे खालच्या परातीत ओतायचे. पाच श्वास आधी काढले तर कॉफी आंबट, पाच श्वास उशिरा काढले तर कडू. घड्याळ तिथं कामाचं नाही, कारण कोळसा रोज निराळा, हवेतली ओल निराळी.

गिऱ्हाइकं मात्र आपणच कॉफीतले जाणकार, अशा थाटात फळीशी उभी असायची. अजनीच्या रेल्वे क्वार्टरातून येणाऱ्या गार्डसाहेबांना निव्वळ पीबेरी लागे, गोल दाण्याची. चिकोरीच्या मुळीची पूड मिसळायचं नाव काढलं तरी ते लाल व्हायचे. सरकारी ऑफिसातले बाबू म्हणायचे, वीस टक्के चिकोरी नसेल तर पेल्यात रंग कसला येतो! महाल भागातल्या बायका कॉफी दुधात खळखळ उकळून वर जायफळ किसत, आणि ते ऐकून अण्णा कपाळाला हात लावत. शामलाला स्वतःला बिनदुधाची, गुळाची आवडायची, वाटीतून फुंकर मारत प्यायला, पण हे पातक तिनं अण्णांसमोर कधी कबूल केलं नव्हतं. कोणी कशीही प्या, भाजणी कवडूची.

छप्पन साली त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी अण्णांकडे हमाल म्हणून लागला. पोतं पाठीवर असतानाच आतल्या मालाला बुरशी आहे की नाही हे तो सांगायचा. अण्णांनी दोनदा पोतं फोडून पाहिलं, दोन्ही वेळा त्याचंच खरं निघालं. जुना भाजणारा नायर गावी परतला तेव्हा अण्णांनी कोणाला न विचारता कवडूला भट्टीवर उभं केलं. त्यांचं स्वतःचं नाक तपकिरीनं केव्हाच बधिर करून टाकलं होतं, त्यांचा भरवसा फक्त जिभेवर. त्या दिवसापासून कवडूनं विडी सोडली, भाजणीच्या दिवशी कांदाही खाईना. पंधरा वर्षं झाली. वस्तीत लोक त्याला कॉफीवाले कवडूभाऊ म्हणत, आणि ते त्याला फार आवडायचं.

नाक गेल्यावर शामलानं आपलं त्याला दिलं. ती भट्टीच्या दाराशी बसून दाणे निवडायची, फुटके-किडके काढायची. सहा वर्षं तिथं बसून तो वास तिच्याही अंगात भिनला होता. तो आला की ती सूप दोनदा जमिनीवर आपटायची, फोलपटं झटकल्यासारखं, आणि कवडू हँडल ओढायचा. खरं सांगायचं तर या तीन महिन्यांत ती सुखावली होती. नवऱ्याला आपली इतकी गरज लागलेली तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

चैत्रात उमरेडला शामलाच्या बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं आणि ती एकटीच गेली. एका दिवसाचे दोन झाले. तेवढ्यात अण्णांनी दोन घाणे भाजायला लावले आणि गार्डसाहेब पुडा परत घेऊन आले. ही कॉफी आहे की कोळसा, एवढंच त्यांनी विचारलं.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी दुकान बंद करताना ते शांतपणे म्हणाले, "कवडू, उद्या पीबेरीचं नवीन पोतं फोडतो. मी भट्टीजवळ बसेन. बायका बाहेर अंगणात बसतील." आणि कुलूप लावता लावता, "नायरच्या भाच्याचं पत्र आलंय. काम मागून राहिला."

शामला रात्री परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाचपावलीच्या घरून निघाले.

"सांगून टाका ना अण्णाले," शामला वाटेत म्हणाली.

"सांगून काय होईन? बिननाकाच्या मानसाले भट्टीवर ठेवन का तो? पुन्हा पोते उचलू का मी, या वयात?"

"मंग करसान काय तुमी?"

"पाहू," कवडू म्हणाला आणि तिच्या पुढं चालू लागला.

आठ वाजले होते. गल्ली अजून सुनसान होती. भाजणी रोज याच वेळेला उरकायची, बाजार जागा व्हायच्या आत. कवडू आणि अण्णा आत गेले, दार लागलं. अंगणात शामला आणि तिच्यासोबत निवडणारी म्हातारी तुळसाबाई. शामलानं सूप मांडीवर घेतलं खरं, पण हात चालेनात. ड्रमची घरघर ऐकू येत होती. झरोक्यातून धूर निघाला, गवताचा. बऱ्याच वेळानं भाकरीचा.

मग तो आला. गोडसर, जळकट, नेमका तोच. शामलाचे कान दाराकडं लागले. आता ओढा, आता. आतून आवाज नाही. एक श्वास गेला. दोन गेले. तिसऱ्याला तिचा धीर सुटला.

"काढा!" ती ओरडली.

त्याच क्षणी दाणे परातीत कोसळल्याचा आवाज झाला. तुळसाबाईनं तोंडाला हात लावला. दार उघडून अण्णा बाहेर आले.

"कौन बोला?"

त्यांच्या मागून कवडू आला. मुठीत गरम दाणे होते आणि चेहरा उतरलेला.

"नाक गेलं माहं, अण्णा," तो म्हणाला. "पौषापासून. ही सूप आपटे, मी हँडल ओढे." मग तो शामलाकडं वळला आणि त्याचा आवाज चढला. "पन आज हात हँडलवरच होता माहा! दाने तडतडतेत, थांबतेत, मंग बारीक तडतडतेत. त्याच्या मधात काढा लागते. महिन्यापासून कानानं शिकून राहिलो मी. हे उमरेडले गेली तवा चुकलो, आज नसतो चुकलो. काहून वरडली वं तू?"

शामला थिजून उभी राहिली. महिनाभर हा माणूस तिच्या सुपाआधी मनात मोजत होता, स्वतःला पारखत होता, आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला, आणि राग येतोय याची लाज वाटली.

अण्णांनी परातीतला एक दाणा दाताखाली फोडला, सावकाश चावला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण कोणी काढला? तू की तिनं?"

हे तिघांपैकी कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

"दुसरा घाणा चढव. तिचा आवाज आला तर समजीन की तुझ्या हातात काही राहिलं नाही."

कवडूनं मान हलवली. आत जाण्यापूर्वी तो शामलाजवळ थांबला. "आता तोंडातून शब्द काढू नोको. माही शपथ आहे तुले."

ड्रम पुसणं, कोळसा नव्यानं पेटवणं, पीबेरी मापून घेणं, यात दहा वाजत आले. शामला भिंतीला टेकून बसली. याचा कान आहे तर आहे, ती स्वतःला सांगत होती. पंधरा वर्षं ड्रमपाशी उभा राहिलेला माणूस आहे. ड्रम पुन्हा घरघरू लागला आणि गवताचा धूर निघाला, तेवढ्यात गल्लीच्या त्या बाजूला एक हातोडी पडली. मग दुसरी. मग दहा-वीस.

भांड्यांचा बाजार जागा झाला होता. ठोके देणारे कारागीर दुकानांपुढं बसून हंडे, गुंड, पराती ठोकायला लागले होते. रोज दहाला लागायचे तसेच. रोज त्या वेळेला भट्टी थंड असायची, म्हणून कोणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. शामलाच्या ध्यानात आलं आणि ती ताडकन उठली.

"काहून उठली वं?" तुळसाबाईनं विचारलं. शामला दाराशी गेली आणि फटीला डोळा लावला.

कवडू एका हातानं हँडल धरून ड्रमवर वाकला होता. दुसरा तळवा कानामागं. डोळे गच्च मिटलेले. अण्णा स्टुलावर बसून त्याच्याकडं बघत होते. बाहेर तांब्यावर, पितळेवर घाव पडत होते आणि त्यात दाण्यांची तडतड त्याला कशी ऐकू येत होती की येतच नव्हती, ते त्यालाच माहीत.

वास आला.

शामलानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चार श्वास गेले, पाच गेले. कवडू हलला नाही. ओरडावं तर भट्टी जाते, गप्प राहावं तरी जाते. पण ओरडलं तर निदान माल वाचेल, आणि हा जन्मभर म्हणेल की माझा हात हँडलवर होता. आठ झाले. धूर निळसर झाला, वासातला गोडवा गेला. दारावर नुसती मूठ आपटली तरी पुरे होतं. मूठ तिनं उचललीही होती. पण शपथेपेक्षाही तिला त्याचा मघाचा चेहरा अडवत होता. दहा. अकरा.

हातोड्या मध्येच कुठंतरी क्षणभर थांबल्या. कवडूचे डोळे उघडले. त्या शांततेत त्याला दुसरी, बारीक तडतडही संपत आलेली ऐकू आली आणि त्याचा चेहरा पार उतरला. त्यानं हँडल ओढलं. परातीत पडलेले दाणे काळेभोर होते, तेलानं चकचकणारे.

अण्णांनी दाणा फोडला आणि थुंकला. मग म्हणाले, "पंधरा वर्षं तुझ्या नाकावर मी दुकान चालवलं, कवडू. तुला घरी नाही पाठवणार. दुकानात चक्कीवर बस. पण भट्टीवर..." त्यांनी हात हलवला आणि दाराकडं पाहिलं. शामला उंबऱ्यावर उभी होती, पदराचं टोक अजून दातांत.

"तुला वास कधी आला?"

तिनं तोंडातला पदर काढला.

"खरं सांग."

"बारा श्वास आधी," ती हळूच म्हणाली.

"मग बोलली का नाही?"

"शपथ घातली होती यायनं."

कवडूनं भिंतीकडं तोंड फिरवलं. अण्णांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि न ओढताच मिटली.

"उद्यापासून तू भाजशील? की नायरच्या भाच्याला तार करू?"

भट्टीवर बाई कोणी पाहिली नव्हती. हमाल हसतील, वस्तीत लोक कवडूला काय म्हणतील, घरी रोजची भाकरी कशी घशाखाली उतरेल, हे सगळं शामलाला त्या एका क्षणात दिसलं. आणि हेही दिसलं की तिला हवं होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

"भाजीन," ती म्हणाली.

"हँडल जड आहे," कवडू भिंतीलाच सांगावं तसा बोलला. "हिच्यानं नाही होनार."

"पाहू दे," अण्णा म्हणाले.

शामला पुढं झाली. रिकामा ड्रम अजून तापलेला होता. तिनं पदर हाताला गुंडाळला, हँडल पकडलं आणि ओढलं. ते जागचं हललं नाही. तिनं पाय रोवले, पुन्हा जोर लावला. पदरातून चटका बसला तरी तिनं हात सोडला नाही. डोळ्यांत पाणी आलं. बाहेर ठोके चालूच होते. तिनं तिसऱ्यांदा दम घेतला.

"वरून नोको धरू, हात जळन," कवडू एकदम ओरडला. तो वळला होता, पण जवळ आला नाही. "खालून धर. अन् अंग मांगं टाक, हाताचा जोर नसते लागत."

शामलानं हँडल खालून धरलं, अंग मागं टाकलं, आणि ड्रमचं तोंड उघडलं.