छागलीतले खारे पाणी

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेही नसेल. मी जाड कॅनव्हासची, लाकडी बुचाची छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी पिशवी आहे, आणि खरे सांगायचे तर फार थकले आहे. औरंगाबादेत शहागंजच्या एका तंबू शिवणाऱ्याने मला शिवले. तेव्हा बाटल्यांचे राज्य आले नव्हते. मुकुंदवाडीच्या पुंजारामने मला विकत घेतले आणि त्याच्या जीपच्या पुढच्या बाजूला बांधले. रणरणत्या उन्हात वारा माझ्या अंगावरची ओल उडवी आणि माझ्या पोटातले पाणी गारेगार होई. वाटेत भेटणारा प्रत्येक जण घोट घेऊन म्हणे, "लई गार हाय." एवढ्या कौतुकावर मी वर्षानुवर्षे लटकत राहिले.

पुंजाराम, सांडू आणि बन्सी हे चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यातले सोबती. सुट्टी मिळाली की पैठणला जाऊन धरणात गळ टाकून बसायचे. माझे कापड सुकून गळू लागले की पुंजाराम मला गळ्यापर्यंत धरणात बुचकळी. धागे फुगत आणि गळती थांबे. त्यात काही पाणी आत शिरलेच तरी बिघडत नसे, कारण धरणाचेच पाणी सगळे पीत.

पुंजारामला मात्र समुद्रातला कुपा पकडायचा होता. कुपा म्हणजे ज्याला शहरात ट्यूना म्हणतात तो मोठा, ताकदीचा मासा. त्याने या एका माशासाठी सोबत्यांच्या किती वर्षे विनवण्या केल्या! शेवटी एका दिवाळीनंतर तिघे जीप घेऊन कोकणात उतरले. सांडूला पाण्याची भीती वाटे, तो केवळ पुंजारामच्या शब्दाखातर आला. होडी चालवणाऱ्या तांडेलाने पिण्याचे पाणी भरपूर घ्या असे बजावले होते. पुंजारामने माझ्यावर थाप मारली आणि दुपारपर्यंत तर परत येऊ, छागल भरलेली आहे, असे सांगून त्याला गप्प केले.

दुपार झाली तरी मासा दिसेना. होडी आणखी आत गेली. त्या दमट हवेत माझ्या अंगावरची ओल उडतच नव्हती, ती नुसती टपटप गळत होती. मी अर्धी रिकामी झाले. सांडूला होडी लागली होती, तो उलट्या करून करून पार गळून गेला होता. माझी गळती पुंजारामने पाहिली आणि त्याच्या हाताने सवयीने जे करायचे तेच केले. त्याने मला गळ्यापर्यंत समुद्रात बुचकळले. बूच सैल होते. एक लाट माझ्या तोंडावरून गेली. वर काढल्यावर मी जड लागले, तर त्याला वाटले कापडाने पाणी धरले. मित्रांनो, मला जीभ असती तर मी तेव्हाच ओरडले असते.

त्याने मला सांडूच्या तोंडाला लावले. सांडू घोट घोट करत प्यायला. त्याने एकदाच पुंजारामकडे पाहिले आणि पुढचा घोट घेतला. तेवढ्यात पुंजारामच्या गळाच्या दोरीला जबर हिसका बसला. कुपा लागला होता! पुंजाराम दोरीला झोंबत होता आणि इकडे सांडूचे डोळे फिरले. बन्सीने त्याच्यासाठी माझे बूच काढले, आधी स्वतः ओठ लावले आणि थुंकला.

"पुंजाराम, हे तर खारं हाय," तो हळूच म्हणाला.

पुंजारामने माझ्याकडे पाहिले. तसे त्याने पुन्हा कधी पाहिले नाही. मासा थकायला अजून वेळ लागणार होता आणि किनारा लांब होता. त्याने चाकू मागितला, दोरी कापली आणि तांडेलाला होडी वळवायला सांगितली. तांडेलाने आपल्या माणसांपुरते ठेवलेले गोडे पाणी सांडूला चमच्याने पाजले.

बंदरावरच्या दवाखान्यात सांडूला सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी तो बोलू लागला, तेव्हा बन्सीने विचारले की खारट लागले तर थुंकला का नाहीस.

"त्यानं दिलं होतं," सांडू म्हणाला. "त्याला नाय कसं म्हणू?"

दाराशी उभा असलेला पुंजाराम बाहेर जाऊन रडला.

घरी सारजाबाईने, म्हणजे पुंजारामच्या बायकोने, मला कितीदा धुतले तरी मिठाचे पांढरे डाग गेले नाहीत. तेव्हापासून मी खुंटीला आहे. सांडू अधूनमधून येतो. पुंजाराम स्वतः तांब्या भरतो, आधी एक घोट घेतो आणि मगच पेला त्याच्या हातात देतो.

"आता जन्मभर चाखून देणार व्हय?" सांडू एकदा म्हणाला.

"व्हय," पुंजाराम म्हणाला.

मित्रांनो, मला कुणी धुवावे, पुन्हा भरावे असे आता मला वाटत नाही. माझे कापड विटले आणि मीही विटले. एवढेच सांगते की तहानलेला माणूस भांड्यात डोकावत नाही, तो देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून पितो. म्हणून कुणाला पाणी द्याल तेव्हा आधी तुम्ही एक घोट घ्या.