हॅलोरनचे नंतरचे अल्बम

मला दोन दीर. एक दीपक, कळवणला शेती करणारा. दुसरा विन्स हॅलोरन, अमेरिकेत गिटार बडवणारा. या दुसऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण लग्न झाल्यापासून तो आमच्याच घरात राहतो. आधी कॅसेटमधून, मग सीडीतून आणि आता मोबाइलमधून. मी त्याला विलायती भाऊजी म्हणते. आमच्या यांना ते अजिबात आवडत नाही, म्हणून मुद्दाम म्हणते.

त्याला घरात आणलं ते यांच्या मित्राने, ज्ञानेश भाऊजींनी. हे आणि ज्ञानेश भाऊजी नाशिकजवळ एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात बरोबरच लागले, कॉलनीत क्वार्टरही समोरासमोर. भाऊजींनी मुंबईहून हॅलोरनची एक कॅसेट आणली आणि दोघंही कामातून गेले. त्याचे पहिले तीन अल्बम म्हणजे दोघांचे देव. त्या तिघांवरून दोघांत कधी दुमत झालं नाही. भाऊजींची बायको मीना आणि मी पायरीवर मेथी निवडत बसायचो आणि आतला आरडाओरडा ऐकून म्हणायचो, यांना त्यातलं एक अक्षर तरी कळत असेल का.

साठी आल्यावर हॅलोरनने गिटार खाली ठेवली. पियानो घेतला, आवाज खाली आणला, आणि गाण्याऐवजी बोलल्यासारखंच काहीतरी करायला लागला. तसे त्याचे अल्बमवर अल्बम आले. यांच्या मते माणूस संपला होता. गळा गेला की माणसं उगाच गंभीर होतात, असं यांचं मत. ज्ञानेश भाऊजींचं म्हणणं बरोबर उलटं, की गळा गेला तेव्हा कुठे हा खरा गायला लागला.

रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकला जेलरोडवर फ्लॅट घेतला, त्यांनी जवळच्या उपनगर भागात. मग मीना आजारी पडली आणि गेली. त्यांची मुलगी सृष्टी हैदराबादला नोकरीला. तेव्हापासून दर रविवारी हे भाऊजींकडे जायला लागले. सकाळी मिसळ खायला म्हणून जायचे ते जेवणवेळ टळल्यावर उगवायचे. गाणं मध्येच थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा लावायचं, आणि हे कसं भिकार किंवा कसं थोर यावर घसा कोरडा करायचा. कुणीच माघार घेत नव्हतं. घरी येताना हे तणतणत यायचे, पण ताटावर बसले की चार पोळ्या जास्त खायचे.

दोन वर्षांपूर्वी हॅलोरनचा आणखी एक अल्बम आला, चांगला दीड तासाचा. त्या रविवारी मीही गेले होते. भाऊजी म्हणाले, आज मध्ये कुणी बोलायचं नाही, सगळा ऐकायचा. चार गाणी हे कसेबसे बसले. मग उठले आणि म्हणाले, "ज्ञानेश, तुझ्या घरात कायम सुतकच असतं रे. मला नाही बसवत इथं."

भिंतीवर मीनाचा फोटो होता. हे बोलले गाण्याला, पण लागलं कुणाला ते मला दिसलं. भाऊजींनी आवाज कमी केला. घरी येताना मी यांना चांगलं झापलं. पण दोनचार दिवस झापून मीही गप्प बसले. हात धरून परत घेऊन जायला हवं होतं, ते केलं नाही. भाऊजींनी नंतर दोनदा बोलावलं, यांनी कसली कसली कारणं काढली. पुढे बोलावणं बंद झालं. वाढदिवसाला मोबाइलवर फुलांचा गुच्छ पाठवायचा, एवढीच दोस्ती उरली.

या थंडीत दीपक गेला, एकाएकी. हे सगळं रीतसर करत होते, पाहुण्यांना चहा विचारत होते, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्याचीच भीती वाटत होती. कळवणहून परत येताना गाडीत मोबाइल आपोआप एकामागून एक गाणी लावत होता. त्यात तो दीड तासवाला अल्बम लागला. दिंडोरीच्या अलीकडे यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं चक्कर आली. हे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. मी पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच त्या माणसाचं गाणं नीट ऐकलं. शब्द मलाही कळत नव्हते, पण कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

"ज्ञानेशचं बरोबर होतं गं," हे म्हणाले.

मग पंधरवडाभर यांनी नंतरचे सगळे अल्बम पुन्हा ऐकले, परीक्षेला बसल्यासारखे. आणि रविवारी मिसळ बांधून घेऊन आम्ही उपनगरला गेलो.

दार उघडलं तर आत खोकीच खोकी. कपाटं रिकामी, भिंतीवरचा फोटो उतरवलेला. भाऊजी वाळले होते. फ्लॅट विकला, म्हणाले, सृष्टीकडे चाललोय कायमचा, मंगळवारी टेम्पो येतोय. यांना बसायलाही सुचेना. पाठ करून आणलेलं उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

"मी हरलो, ज्ञानेश. शेवटचा अल्बम त्याचा सगळ्यात भारी आहे. तेव्हा वाट्टेल ते बोललो, माफ कर."

भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं आणि हळूच हसले. "मला कधी आवडलेच नाहीत रे ते. झोप यायची."

"मग इतकी वर्षं भांडलास कशाला?"

"पहिल्या तीनवर आपलं एकमत. त्यावर बोलणं काढलं की तू चहा प्यायचास आणि निघायचास. भांडण लागलं की दुपारपर्यंत हलायचा नाहीस. मीना गेल्यावर रविवार खायला उठायचा, शेखर."

मला दोघांचाही राग आला, आणि रडूही. हे मात्र एकदम तावातावाने बोलायला लागले. तुला कळलंच नाही, तू नीट ऐकलंच नाहीस, हे ऐक, म्हणत मोबाइल काढला आणि खोक्यावर ठेवून गाणं लावलं. मध्येच थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. इथे बघ, इथे आवाज फाटतो आणि तरी तो थांबत नाही, असं कितीतरी वेळ समजावत राहिले. भाऊजी खोक्यावर बसून शांतपणे ऐकत होते. गाणं संपलं.

"बोल ना काहीतरी," हे म्हणाले. "भिकार आहे म्हण."

"असेल चांगलं," भाऊजी म्हणाले. "तू म्हणतोस तर असेल."