स्टँडबायवरचे तीन फोन

आमच्या कंपनीचे सगळे फोन दोन सर्व्हरवर चालतात. एक मुख्य, दुसरा स्टँडबाय. मुख्याने मान टाकली की दुसऱ्याने निमूट घर सांभाळायचं, धाकट्या जावेसारखं. मी मुळात ऑपरेटर. ही यंत्रं आली तेव्हा शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून पडत-धडपडत शिकले. आणि शिकले म्हणून सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

रोज साडेअकराला ताईचा फोन यायचा. कामाच्या वेळी मोबाइल लॉकरमध्ये, म्हणून कंपनीचा नंबर लावायचा आणि मग माझं एक्स्टेन्शन, दोनशे चौदा.

"तुमची ती रेकॉर्डवाली बाई किती गोड बोलते गं! तू बोललीस कधी माझ्याशी असं?"

"तिला बहीण नाही, म्हणून गोड बोलते."

"जेवलीस का?"

"साडेअकराला कोण जेवतं, ताई?"

"मग काय जेवणार ते सांग."

तीन महिन्यांपूर्वी मी वरच्या मजल्यावर गेले. नवं टेबल, नवा फोन. मुख्य सर्व्हरवर दोनशे चौदा या नव्या फोनला जोडला. स्टँडबायवर तोच बदल वेगळा, हाताने करावा लागतो. म्हटलं, उद्या करू. जुना फोन खाली स्टोअरमध्ये तारेसकट तसाच राहिला, स्टँडबायच्या लेखी अजून तोच दोनशे चौदा.

मग सहामाही चाचणीचा दिवस आला. सव्वाअकराला खांब्याने मुख्य सर्व्हरची केबल उपसली. खांब्या म्हणजे आमचा नेटवर्कवाला, दारातून वाकून येणारा. फोन दोन मिनिटं मुके झाले आणि एकेक करत स्टँडबायवर जागे झाले. मी टेबलाटेबलाशी जाऊन रिसीव्हर उचलत होते. टोन आहे? आहे. बाहेर लागतो? लागतो. आमची चाचणी एवढीच. बाहेरून आलेला फोन नेमका कुठे वाजतो, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. आणि माझा स्वतःचा फोन तेवढा मी उचलला नाही. दिव्याखाली अंधार.

बाराला केबल परत जोडली. "पास झालो, मॅडम!" खांब्या म्हणाला.

ताईचा फोन आला नाही हे तेव्हा आठवलं. रुसली असेल, संध्याकाळी समजूत काढू, म्हटलं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. ताई त्याला स्वयंपाकघरात जमिनीवर सापडली होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. खांब्या रिपोर्ट लिहीत होता.

"मॅडम, चाचणीच्या वेळी स्टोअरमध्ये कोण होतं? दोनशे चौदावर तीन फोन वाजून गेलेत."

अकरा तेवीस. अकरा पंचवीस. अकरा एकतीस. ताईच्या घरचा नंबर. ताई वेळेआधी कधी फोन करायची नाही. शेवटचा सत्तर सेकंद वाजला होता.

खांब्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो एवढा उंच माणूस मटकन खुर्चीत बसला. "हे रिपोर्टमध्ये घातलंच पाहिजे असं नाही, मॅडम."

"घाल," मी म्हटलं.

पण खरा रिपोर्ट भाच्याला द्यायचा होता. त्या सकाळी ताई त्याला म्हणाली होती, छातीत जड वाटतंय. "तुझं रोजचंच आहे," असं बोलून तो तणतणत निघून गेला होता. तेव्हापासून त्याने जेवण टाकलं होतं. एकच विचारायचा, "मावशी, तिने कुणाला हाक मारली असेल का गं?" म्हटलं, खरं सांगावं. त्याचं निम्मं ओझं तरी माझ्या डोक्यावर येईल.

"फोन केला होता तिने," मी सांगितलं. "मला. तीनदा. फोन बदलायचं काम मी अर्धवट ठेवलं होतं, म्हणून तो रिकाम्या खोलीत वाजत राहिला."

तो ओरडेल म्हणून मन घट्ट करून गेले होते. त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि त्या दिवसाची यादी वरखाली करत राहिला.

"तीनदा तुला," तो म्हणाला. "मला एकदाही नाही."

त्याचा नंबर ताईला पाठ होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी घडाघडा म्हणाली असती.

"तुझा नंबर तिला कुठे पाठ होता रे," मी म्हटलं. "दहा दहा आकडे! माझ्या नंबराची आपली हाताला सवय."

त्याने मोबाइल खिशात ठेवला.

"हो ना, मावशी?"

"हो रे राजा."